मोठेपणी दमा निघाला तर: निदानापासून कारणांच्या शोधापर्यंत

लहानपणी कधी छाती वाजली नाही, घराण्यात कुणाला दमा नाही, आणि चाळिशी-पन्नाशीत डॉक्टर सांगतात की हा दमा आहे. पुष्कळांचा यावर विश्वासच बसत नाही. पण दमा कुठल्याही वयात सुरू होतो. मोठेपणी सुरू होणारा दमा बायकांमध्ये जास्त दिसतो. त्यात ॲलर्जीचा हात लहान मुलांच्या दम्यापेक्षा कमी असतो. सायनस, वाढलेलं वजन, कामाची जागा, काही औषधं यांचा जास्त. सुरुवात बऱ्याचदा साध्या सर्दी-तापाने होते. ताप उतरतो, पण खोकल्याची ढास महिनोन्‌महिने जात नाही. मुलांचा दमा मोठं होता होता अनेकदा मागे पडतो. मोठेपणी आलेला सहसा मुक्कामालाच येतो. मीही त्यातलीच एक, म्हणून हे लिहिते आहे. तो ताब्यात राहिला तर नोकरी, प्रवास, गड चढणं, काहीच सोडावं लागत नाही.

निदान झालं की घरीदारी सल्ले सुरू होतात. दही बंद, केळी बंद, भात बंद, माठातलं पाणी बंद. माणूस ताटातला एकेक पदार्थ काढत जातो आणि रोजचा पंप मात्र चार दिवस बरं वाटलं की बाजूला ठेवतो. क्रम नेमका उलटा हवा. आधी औषध, तेही नीट पद्धतीने. मग वहीत नोंदी. मग त्या नोंदींवरून कारणांचा शोध. आणि काय सोडायचं हे सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: दमाच आहे ना?

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची सूज असते. त्या हुळहुळ्या झालेल्या असतात. धूर, थंड हवा, सर्दी असं काही लागलं की भोवतालचे स्नायू आवळतात, चिकटा वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते. हे सतत सारखं नसतं. आज ठीक, उद्या त्रास, पहाटे तीन-चारला जास्त, दुपारी काहीच नाही. हा चढउतार हीच दम्याची मोठी खूण.

म्हणून नुसत्या स्टेथोस्कोपवर किंवा छातीच्या फोटोवर थांबू नका. स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं, मग पंप घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पंपानंतर १२ टक्क्यांनी आणि २०० मिलीलिटरने वाढली, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. चाचणीच्या आधी कुठली औषधं किती तास बंद ठेवायची, हे वेळ घेतानाच विचारून ठेवा. आणि बऱ्या दिवशी केलेली चाचणी साफ नॉर्मल येऊ शकते. तेवढ्याने दमा नाही असं ठरत नाही. कधी कधी ती पुन्हा करावी लागते, कधी वहीतल्या नोंदी उपयोगी पडतात. चाचणीचा कागद फाइलमध्ये जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो हवा असतो.

दम्यासारखं दिसणारं दुसरंही बरंच काही असतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्याकडे क्षयासाठी थुंकीची तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाला, किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. पायाला सूज आणि आडवं पडलं की धाप, हे हृदयाकडे बोट दाखवतं. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असतो. खिडकीत कबुतरांचा राबता असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसाचा एक वेगळाच आजार होतो, त्याचे उपचार वेगळे. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत एवढं रान पेटलं, त्याच्या मुळाशी ही आरोग्याचीच चिंता होती.

दुसरी पायरी: आपला कुठला पंप कशासाठी आहे

पंपाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक तात्पुरता आराम देणारा: साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो, पण सूज तशीच ठेवतो. दुसरा रोजचा: त्यात श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड असतं, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं. सूज हा कमी करतो. लगेच काही जाणवत नाही, काही दिवसांनी ते आठवड्यांनी फरक कळतो आणि पूर्ण परिणामाला दोन-तीन महिने लागतात. म्हणूनच लोक आरामाच्या पंपाच्या प्रेमात पडतात आणि खरं काम करणारा पंप सोडतात.

२०१९ पासून 'जीना' या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नये. सौम्य दम्यातसुद्धा स्टिरॉइडचा पंप उपचारात हवाच. वर्षाला आरामाच्या पंपाचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा आणि डॉक्टरकडे जा. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोजही वापरता येतो आणि त्रास झाल्यावर आरामासाठीही, कारण फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं. साल्मेटेरॉल असलेला पंप तसा चालत नाही, त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो. दोन्ही डबे एकाच कपाटात असतात आणि दिसायलाही सारखे, म्हणून आपल्या डब्यावर मार्करने 'रोज' किंवा 'त्रास झाला तर' असं मोठ्या अक्षरात लिहून टाका.

'पंप लागला की सुटत नाही' हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. पंपाची सवय लागत नाही. दमा टिकतो म्हणून पंप टिकतो. स्टिरॉइडच्या भीतीसाठी एकच हिशेब पुरे: झटका आल्यावर पोटात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर पंपाच्या एका झुरक्यात १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. १,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम. शिवाय ते थेट जागेवर पोहोचतं. पंप टाळून वर्षातून तीन-चारदा गोळ्यांचा कोर्स घेणाऱ्या माणसाच्या पोटात कितीतरी जास्त स्टिरॉइड जातं. पंपाचे त्रास आहेत, पण बहुतेक तोंडापुरते: आवाज बसणं, जिभेवर पांढरा थर. पंपानंतर खळखळून गुळण्या करून पाणी थुंकलं की ते बरेच टळतात. मोठा डोस वर्षानुवर्षं चालू असेल तर हाडं आणि डोळे तपासून घ्यावेत.

माँटेलुकास्टची गोळी अनेकांच्या चिठ्ठीत असते. ती घेताना झोप उडणं, विचित्र स्वप्नं, चिडचिड, उदासी असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. याच कारणासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिलं जाणारं दम्याचं औषध किंवा हैदराबादला मृग नक्षत्रावर जिवंत माशातून दिलं जाणारं औषध, यांवर अनेकांची श्रद्धा असते. त्यांच्याशी मला भांडायचं नाही. एकच कळकळीची विनंती, त्यापायी पंप एक दिवसही बंद करू नका. आणि घटकद्रव्यं न लिहिलेल्या पुड्यांनी जादूसारखा आराम पडला तर संशय घ्या. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे.

तिसरी पायरी: ओढायची पद्धत

औषध योग्य असूनही दमा ताब्यात न येण्याचं अगदी नेहमीचं कारण हे. औषध छातीत जातच नाही, घशाला चिकटतं.

डब्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, घ्याच. वयाने मोठे आहात म्हणून तो नको, असं काही नसतं. डबा हलवा. फुप्फुसातली हवा पूर्ण बाहेर सोडा. स्पेसरचं तोंड दातांच्या आत घेऊन ओठ घट्ट मिटा. डबा एकदाच दाबा आणि मग हळू, खोल श्वास घ्या, चार-पाच सेकंद चालेल इतका हळू. काही स्पेसर फार जोराने ओढलं की शिट्टी वाजवतात, ती वाजली तर वेग कमी करा. श्वास दहा सेकंद रोखा. दुसरा झुरका लिहिला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, डबा पुन्हा हलवा आणि पुन्हा तसंच. दोनदा दाबून एकदम ओढू नका. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं.

कॅप्सूलवाल्या यंत्राचं तंत्र याच्या उलट आहे. तिथे झटकन आणि जोरात ओढायचं, कारण पूड उडवण्याची ताकद तुमच्याच श्वासाची. यंत्रात श्वास सोडायचा नाही, आतली पूड ओली होते. ओढून झालं की कॅप्सूल उघडून बघा, पूड शिल्लक असेल तर पुन्हा ओढा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात या कॅप्सूल पटकन दमट होतात. बाटलीचं झाकण लगेच लावा आणि ती बाथरूममध्ये किंवा ओट्याजवळ ठेवू नका.

प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवा. त्यांनी विचारलं नाही तरी.

चौथी पायरी: वही आणि पीक फ्लो मीटर

पीक फ्लो मीटर म्हणजे आकडे छापलेली एक साधी प्लॅस्टिकची नळी. ती बीपीच्या यंत्रापेक्षा स्वस्त मिळते आणि वीज-बॅटरी काही लागत नाही. उभं राहायचं, पूर्ण श्वास घ्यायचा, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर औषधाआधी आणि संध्याकाळी. औषध नीट चालू असताना बऱ्या दिवसांत दोनेक आठवडे जो सर्वोच्च आकडा येतो, तो तुमचा स्वतःचा मापदंड. शेजाऱ्याचा आकडा ५०० आणि तुमचा ३८० असेल तर त्याने काही बिघडत नाही. उंची, वय, बाई की पुरुष यांवर तो बदलतो. स्वतःच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक, ५० ते ८० च्या मध्ये सावध, ५० च्या खाली म्हणजे तातडी. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत रोज सरासरी १० टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल, तर मोठ्या माणसात तोही दम्याकडे बोट दाखवतो.

वहीत आकड्यांशेजारी चार गोष्टी लिहा: रात्री जाग आली का, आरामाचा पंप किती वेळा लागला, दिवस कुठे गेला, आणि वेगळं काय घडलं. 'वेगळं' म्हणजे माळा आवरला, शेजारी रंगकाम चालू झालं, नवी गोळी सुरू केली, लग्नाला जाऊन आलो. पाळीच्या तारखाही लिहा. काही बायकांना त्या आधीचे दिवस आणि पुढे रजोनिवृत्तीचा काळ जड जातो.

पान वाचायचं कसं, ते बेकरीत काम करणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊन सांगते. सुट्टी सोमवारी. सोमवारी संध्याकाळी मीटरवर ४१०. मंगळवारी संध्याकाळी ३९०, बुधवारी ३७०, शुक्रवारी ३४०, रविवारी रात्री ३१० आणि पहाटे खोकल्याने जाग. पुन्हा सोमवारी दुपारनंतर चढ. त्याला कामावर असताना फारसं काही होत नाही, त्रास घरी आल्यावर रात्री होतो, म्हणून तो घरातल्या उशीला आणि रात्रीच्या जेवणातल्या दह्याला दोष देत बसेल. पान मात्र पिठाकडे बोट दाखवतं. ॲलर्जीचा दुसरा तडाखा संपर्कानंतर चार ते आठ तासांनी येऊ शकतो. त्यामुळे रात्री त्रास झाला की पाच मिनिटांपूर्वी काय खाल्लं एवढंच आठवू नका, दुपारी कुठे होतो ते बघा.

पाचवी पायरी: कारणांचा शोध

धुरापासून सुरुवात करा, कारण तो बहुतेक सगळ्यांनाच बाधतो आणि बंद करणंही आपल्या हातात असतं. घरातल्या कुणाचीही विडी-सिगारेट आधी. त्यानंतर डासांची कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असं मोजलं गेलं. आणि ती आपण दारं-खिडक्या लावून, रात्रभर, उशाशी जाळतो. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. उदबत्ती आणि धूप हा नाजूक विषय आहे, सासू-सासरे दुखावतात. देवापुढे तेलातुपाचं निरांजन आणि फुलं ठेवून धूर टाळता येतो, आणि शांतपणे सांगितलं तर बहुतेक घरांत ते पटतं. मिरचीच्या फोडणीचा ठसका ही ॲलर्जी नव्हे, पण हुळहुळ्या नळ्यांना तो पुरतो. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी लावा, नंतर नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला भाजायचं-कांडायचं काम सरळ दुसऱ्या कुणावर सोपवा. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दमा नसलेल्या माणसालाही तो दवाखान्यात पोचवतो.

दुसरा मोठा गट ओल आणि धुळीचा. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले कीटक राहतात. आपल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि त्यांना दमटपणा लागतो. त्यांची विष्ठा श्वासातून जाते. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, उशी आणि गादीला घट्ट विणीची चेनवाली खोळ घाला. गाद्या उन्हात टाकणं चांगलं, पण त्या झटकायचं काम दम्याच्या माणसाचं नाही. केरसुणीने कोरडा केर काढण्याऐवजी ओलं फडकं मारा. नव्या फुलझाडूचा भुसा तर आठवडाभर घरभर उडत राहतो. एकच उपाय करून फार फरक पडत नाही, दोन-तीन एकत्र केले तर पडू शकतो. पावसाळ्यात कपाटामागची भिंत, माळ्यावरची ट्रंक, एसीची जाळी यांवर बुरशी येते. पुसून ती परत येते, म्हणून गळती शोधून बंद करणं हाच खरा इलाज. झुरळंही दमा वाढवतात. त्यांच्यासाठी फवारा नको, जेल वापरा.

घराबाहेरचं आपल्या हाती कमी असतं, पण आधी कळू शकतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने उभी केलेली 'सफर' यंत्रणा मुंबई-पुण्याच्या हवेचा अंदाज देते. आकडे वाईट असतील त्या दिवशी पहाटेचं फिरणं सोडा, विशेषतः थंडीत, कारण तेव्हा धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज प्रत्येक पडीक जागेत आहे. त्याच्या परागकणांनी नाक, कातडी आणि छाती तिन्हींना त्रास होतो. ते उपटायच्या श्रमदानात दमेकऱ्याने उतरू नये. मळणीच्या दिवसांत भुसकटापासून लांब राहा. दिवाळीचं म्हणाल तर आवाजाचे फटाके टाळून मुलांना निरुपद्रवी म्हणून नागगोळी देण्याची पद्धत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सूक्ष्म कण सगळ्यात जास्त या नागगोळीतूनच निघाले. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना: तिथे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गवताच्या परागाचा भर असताना वादळी पाऊस येणार असेल, तर दारं-खिडक्या लावून घरात थांबा. २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळात तिथे हजारोंना दम लागला आणि १० जण दगावले. अनेकांना आधी नुसता शिंकांचाच त्रास होता, आणि आजारी पडलेल्यांत दक्षिण आशियाई वंशाचे लोक बरेच होते.

कामाची जागा मात्र सगळ्यात दुर्लक्षित. पीठ, लाकडाचा भुसा, गाड्यांचा स्प्रे पेंट, पार्लरमधलं केसांचं ब्लीच, रबरी हातमोजे, वेल्डिंगचा धूर, दवाखान्यातली जंतुनाशकं, या सगळ्यांनी धडधाकट माणसाला दमा जडतो. मोठेपणी दमा निघालेल्या प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: सुट्टीत, गावी गेल्यावर बरं वाटतं का? उत्तर हो असेल तर कामाचे आणि सुट्टीचे मिळून निदान चार आठवडे, दिवसातून चार वेळा मीटर फुंकून नोंदी ठेवा आणि मगच मालकाशी बोला. लवकर ओळखून संपर्क थांबला तर दमा पुष्कळ हलका होऊ शकतो. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर नोकरी सोडल्यावरही तो राहतो.

औषधांची यादीही काढा. मोठेपणीचा दमा, नाकात मांसल वाढ, वास न येणं आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत दम, हे चौघं एकत्र चालतात. मोठ्या दमेकऱ्यांत साधारण ७ टक्क्यांमध्ये हे दिसतं. पाठदुखीला मेडिकलमधून सुटी गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालतं. दुसरा गट बीटा ब्लॉकरचा: अर्धशिशी किंवा धडधडीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घातलेला थेंब छाती आवळतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा आहे हे सांगा. पण हृदयासाठी चालू असलेलं ॲस्पिरिन किंवा बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच.

नाक, पोट आणि वजन यांचे उपचार दम्याबरोबरच करावे लागतात. सायनस वाहत असेल, रात्री आंबट ढेकर घशाशी येत असेल, घोरणं असेल, तर छातीचं औषध वाढवत नेण्याआधी तिकडे बघा. वजन थोडं जरी उतरलं तरी श्वासाला फरक पडतो. व्यायामाने दम लागतो म्हणून व्यायाम सोडू नका. आधी अंग सावकाश गरम करा आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पंप घेऊन सुरू करा.

आता दही-केळी-भात. मोठ्या माणसांत नुसत्या खाण्याने दमा भडकणं कमी प्रमाणात आढळतं. काहींना सल्फाइट घातलेल्या सुक्या फळांनी आणि वाइनने त्रास होतो. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी, ठरावीक वेळात त्रास होतो असं वहीत दिसलं, तरच तो सोडा. शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी रक्ततपासण्यांवर पैसे घालवू नका, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. कातडीवर थेंब टाकून टोचण्याची तपासणी चांगली, पण तिचा अर्थ तुमच्या वहीशी जुळवून लावायचा. झुरळाला कातडी फुगली आणि घरात झुरळच नसेल, तर ते तुमच्या त्रासाचं कारण नाही. या तपासणीआधी सर्दीच्या ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. पंप मात्र चालूच.

संशयित सापडला की एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवडे वही बघा. एका रविवारी कॉइल, उदबत्ती, दही आणि गादी सगळंच बदललं, तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही, आणि घरातली माणसंही थकतील. धूम्रपान याला अपवाद, ते आजच बंद.

सहावी पायरी: झटक्याचा कागद

डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्या: आकडा किती खाली गेला की कुठलं औषध किती वाढवायचं, गोळ्या कधी सुरू करायच्या, दवाखाना कधी गाठायचा. हा कागद फ्रिजच्या दारावर लावा आणि घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्या, कारण झटक्यात तुम्हाला बोलता येणार नाही.

झटका आला तर आडवं होऊ नका, ताठ बसा. साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरला लावून एकेक झुरका घ्या, प्रत्येक झुरक्याला चार-सहा श्वास, गरजेप्रमाणे दहा झुरक्यांपर्यंत. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप आरामासाठी दिला असेल तर त्याची कमाल मर्यादा कागदावरच लिहून घ्या. आराम पडला नाही, वाक्य एका दमात पुरं होत नाही, मीटरचा आकडा निम्म्याच्या खाली आहे, ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, ओठ निळे पडतात, किंवा माणूस गुंगीत जातो आहे, यातलं काही एक असलं तरी १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच नंबर. गाडी येईपर्यंत पंप देत राहा. छातीतली घरघर एकाएकी थांबली आणि माणूस तरीही धापत असेल तर ते बरं होणं नाही. हवा आत-बाहेर होणंच बंद पडत आलं आहे, ही सगळ्यात धोक्याची वेळ.

पुढे

दर महिन्याला चार प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्याला दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का? रात्री जाग आली का? आरामाचा पंप आठवड्याला दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे काही काम टाळलं का? चारही उत्तरं नाही, तर दमा ताब्यात. तीन किंवा चार हो, तर तो हाताबाहेर आहे. दोन-तीन महिने सलग ताब्यात राहिला की डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. तो टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो. थंडी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर आणि प्रवासाच्या आधी शक्यतो नाही.

फ्लूची लस दर वर्षी घ्या. दिवस गेले तर पंप चालू ठेवा. न आवरलेला दमा आईला आणि बाळाला पंपापेक्षा जास्त अपाय करतो. दाताचं काम, ऑपरेशन, भूल, काहीही असो, आधी दमा आहे हे सांगा आणि चालू औषधांची यादी दाखवा. प्रवासात पंप नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही. जास्तीचा एक डबा सोबत घ्या आणि डब्यावरचा आकडा बघून निघा. आकडा नसलेल्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवत जा.